खेळाडू घडवणाऱ्या कॉलेजाचा वाटा कुठे आहे?

७ एप्रिल २०२५ च्या रात्री सॅन अँटोनिओत फ्लोरिडा आणि ह्यूस्टन यांच्यात अमेरिकेच्या पुरुष कॉलेज बास्केटबॉलचा अंतिम सामना झाला. शेवटचे काही सेकंद उरले होते, फ्लोरिडा ६५-६३ अशी पुढे होती आणि चेंडू ह्यूस्टनकडे होता. इमॅन्युएल शार्प तीन गुणांचा फटका मारायला उडाला आणि हवेत असतानाच त्याला दिसलं, की वॉल्टर क्लेटन हात उंचावून अंगावर आलाय. फेकावा तर अडवला जाणार, घेऊन खाली उतरावं तर नियमभंग. त्यानं चेंडू खाली टाकून दिला, आणि आता दुसऱ्या कुणी हात लावेपर्यंत त्याला तो उचलता येईना. चेंडू त्याच्यासमोर टप्पे घेत राहिला, फ्लोरिडाच्या अॅलेक्स कॉन्डननं त्यावर झेप टाकली आणि वेळ संपली.

क्लेटनला त्या सामन्याच्या पहिल्या अर्ध्यात एकही गुण मिळवता आला नव्हता. पण त्याआधी उपांत्य सामन्यात ऑबर्नविरुद्ध त्यानं ३४ गुण केले होते. 'फायनल फोर'चा, म्हणजे शेवटच्या चार संघांच्या फेरीचा, सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. देशभर त्याचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं.

हा मुलगा २०२१ ते २०२३ या काळात आयोनाकडून खेळत होता. न्यूयॉर्क शहराच्या वेशीवर, न्यू रोशेलमधलं हे छोटं कॅथलिक विद्यापीठ. शाळेत असताना क्लेटनला मोठी कॉलेजं मागत होती ती फुटबॉलसाठी. त्याला बास्केटबॉल खेळायचं होतं, आणि त्या बाबतीत त्याच्यावर भरवसा टाकला आयोनानं. पहिल्या वर्षी तो सामन्यामागे सात-आठ गुण करायचा, दुसऱ्या वर्षी सोळा-सतरा. २०२३ साली तो आयोनाच्या कॉन्फरन्सचा, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाचा, सर्वोत्तम खेळाडू झाला. त्याच वसंतात आयोनाचे कोच रिक पिटिनो सेंट जॉन्सला गेले आणि क्लेटन फ्लोरिडाला. राष्ट्रीय विजेतेपद फ्लोरिडाला मिळालं. त्या स्पर्धेतून येणारा पैसा फ्लोरिडाच्या कॉन्फरन्सला, म्हणजे एसईसीला गेला. आयोनाला काय मिळालं? एक छदामही नाही.

छोट्या कॉलेजांच्या बास्केटबॉलवर जीव असणाऱ्या माणसांना याचा राग येतो. मलाही येतो. पण तो राग आपण चुकीच्या माणसावर, निघून गेलेल्या पोरावर, काढतो आहोत असं मला गेली काही वर्षं सतत वाटतंय. खेळाडूला बांधून ठेवू नका. तो जिथे घडला त्या कॉलेजाला राष्ट्रीय स्पर्धेच्या टीव्हीच्या पैशातून ठरावीक वाटा द्या. चाहत्यांनी मागणी करायचीच तर ही करावी.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडी रचना सांगतो. एनसीएए या कॉलेजांच्या खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पहिल्या विभागात साडेतीनशेहून जास्त कॉलेजं आहेत आणि ती तीसेक कॉन्फरन्सेसमध्ये विभागलेली आहेत. आयोना ज्या कॉन्फरन्समध्ये आहे तिचं नाव मेट्रो अटलांटिक अॅथलेटिक कॉन्फरन्स, बोलताना नुसतं 'मॅक'. सिएना, मॅरिस्ट, मॅनहॅटन, रायडर, फेअरफिल्ड, नायगारा, सेंट पीटर्स ही तिथली नावं. आपसात वीस सामने, मग मार्चमध्ये अटलांटिक सिटीत बाद पद्धतीची स्पर्धा, आणि ती जिंकेल त्या एकाच संघाला राष्ट्रीय स्पर्धेचं (२०२५ मध्ये ६८ संघांची) तिकीट. वीसपैकी सतरा सामने जिंकून अटलांटिक सिटीत एका रात्री घसरलात, तर बहुतेक वेळा तिकीट गेलंच. २०२५ मध्ये मॅककडून एकटं माउंट सेंट मेरीज गेलं. एसईसीचे सोळापैकी चौदा संघ गेले.

मी जर्सी सिटीत राहतो. न्यूअर्क अव्हेन्यूवरचा इंडिया स्क्वेअर आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असतो, डोसा खायला किंवा दिवाळीच्या आधी किराणा भरायला सगळे तिथे येतात. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, केनेडी बुलेव्हार्डवर, सेंट पीटर्स विद्यापीठ आहे. जेझुइटांनी १८७२ मध्ये स्थापन केलेलं. संघाचं चिन्ह मोर. व्यायामशाळा इतकी लहान, की कोचनं टाइमआउटमध्ये आवाज चढवला तर तिसऱ्या रांगेत शब्दन् शब्द ऐकू येतो. जानेवारीत बाहेर बर्फ साचलेला असतो, लोक कोट मांडीवर घेऊन बसतात, आणि विद्यार्थ्यांपेक्षा जुने माजी विद्यार्थी जास्त असतात. शेजारी बसलेल्या माणसाला बेंचवरच्या शेवटच्या पोराचीही शाळा माहीत असते.

निदान असायची. संघाच्या यादीत प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे त्याचं गाव आणि आधीची संस्था छापलेली असते. पूर्वी त्या रकान्यात हायस्कुलांची नावं दिसायची. न्यू जर्सी, ब्रुकलिन, क्वीन्स, मेरीलंड इथल्या शाळा. आता त्याच रकान्यात कॉलेजांची नावं दिसतात. कुणी दोन कॉलेजं फिरून आलेला, कुणी ज्युनिअर कॉलेजातून, कुणी एका वर्षासाठीच. हंगामाच्या शेवटच्या घरच्या सामन्याआधी निरोप घेणाऱ्या खेळाडूंना आईवडिलांसह मैदानावर बोलावतात. त्यातल्या काहींना आम्ही जेमतेम चार महिने पाहिलेलं असतं. टाळ्या वाजवतो, मनापासून वाजवतो. पण पहिल्या वर्षी फ्री थ्रो हुकवणारा, दुसऱ्या वर्षी दुखापतीनं बाहेर बसलेला आणि चौथ्या वर्षी कर्णधार झालेला मुलगा समोर उभा असला की घशात जे दाटून येतं, ते वेगळं असतं. छोट्या कॉलेजाच्या चाहत्याला याखेरीज दुसरं काही मिळत नाही. इथे भव्य स्टेडियम नाही, एनबीएत जाणारी पोरं क्वचित. मुलगा वाढताना बघणं हेच त्याचं सुख.

२०२२ चा मार्च आठवा. सेंट पीटर्सला पंधरावं मानांकन होतं (प्रत्येक गटात एक ते सोळा मानांकनं, म्हणजे हे जवळजवळ तळाचं) आणि समोर केंटकी. कोच जॉन कॅलिपरींचा वर्षाचा पगार ८० लाख डॉलरांच्या वर. सेंट पीटर्सनं तो सामना जादा वेळेत ८५-७९ असा जिंकला. मग मरे स्टेटला हरवलं, मग पर्ड्यूला ६७-६४. पंधराव्या मानांकनाचा संघ शेवटच्या आठांत पोचण्याची ती पहिलीच वेळ. तिथे नॉर्थ कॅरोलिनानं त्यांना ६९-४९ असं थांबवलं. तोवर जर्सी सिटीतल्या ज्यांनी आयुष्यात बास्केटबॉल पाहिला नव्हता त्या मराठी घरांतही केसी न्डेफो आणि डग एडर्ट ही नावं पोचली होती.

आणि मग काही आठवड्यांत सगळं पांगलं. कोच शाहीन हॉलोवे सीटन हॉलला गेले. ते त्यांचं स्वतःचं कॉलेज, त्यांना कोण दोष देणार. न्डेफो त्यांच्यामागे गेला, एडर्ट ब्रायंटला, डॅरिल बँक्स सेंट बोनाव्हेंचरला, मॅथ्यू ली मिझुरी स्टेटला, मालीहून आलेले ड्रामे हे जुळे भाऊ ला सालला. पुढच्या हंगामात सेंट पीटर्सचे १४ विजय आणि १८ पराभव झाले. २०२४ मध्ये नवे कोच बशीर मेसन यांनी नव्यानं बांधलेल्या संघानं पुन्हा मॅक जिंकली, ही मला त्या २०२२ च्या वाटचालीइतकीच मोठी गोष्ट वाटते. राष्ट्रीय स्पर्धेत टेनेसीनं त्यांचा ८३-४९ असा फडशा पाडला. त्या टेनेसीचा मुख्य खेळाडू डाल्टन नेक्ट, आदल्या वर्षी नॉर्दर्न कोलोरॅडोकडून खेळलेला. सामना संपला, आणि सेंट पीटर्सचा सर्वांत जास्त गुण करणारा कोरी वॉशिंग्टन विचिटा स्टेटला गेला.

यावर चाहत्यांत जे ऐकू येतं ते असं: पोरांना निष्ठा उरली नाही, सगळे पैशामागे, जुना नियम परत आणा. जुना नियम म्हणजे कॉलेज बदललं तर एक वर्ष बाहेर बसायचं. २०२१ मध्ये एकदा बदलायची मुभा मिळाली, २०२४ पासून ती अटही गेली. २०२१ च्याच जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचे, चेहऱ्याचे पैसे घेता येऊ लागले, त्यालाच एनआयएल म्हणतात. त्याआधी काय होतं? टीव्हीवरून अब्जावधी डॉलर यायचे, कोच कोट्यधीश व्हायचे, आणि ज्याच्या उडीवर हे सगळं उभं, त्याला शिष्यवृत्तीपलीकडे हात पसरता येत नव्हता. कोच करार मोडून रातोरात दुसरीकडे जाऊ शकायचा. खेळाडू गेला तर त्याला वर्षभर बसवून ठेवायचे. तो अन्याय होता. तो परत आणा असं म्हणणाऱ्यांनी एकदा ब्रुकलिनच्या एखाद्या आईसमोर उभं राहून सांगावं, की तुमच्या मुलाला दुसरीकडे चांगल्या पैशांची संधी आहे, पण आमचा संघ टिकावा म्हणून त्यानं ती सोडावी. मला ते तोंड नाही.

तेव्हा पोरांचं जाणं मान्य. ते गेल्यावर मागे राहणाऱ्या कॉलेजाच्या हाती काहीच का उरू नये, एवढाच माझा प्रश्न आहे.

भरती म्हणजे काय असतं ते जरा जवळून पाहा. मोठी कॉलेजं आता बराचसा संघ पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, उचलतात, दुसरीकडे सिद्ध झालेला खेळाडू घेतात. सतरा वर्षांचा, अंगानं न भरलेला, एका हाताने ड्रिबल करणारा पोरगा शोधण्याची जोखीम त्यांना घ्यावी लागत नाही. ती घेतात आयोना, बेलमाँट, मोरहेड स्टेट, नॉर्दर्न कोलोरॅडो. त्यांचे सहायक कोच हिवाळ्यातल्या रात्री शाळांच्या जिममधून बसतात, आजीआजोबांच्या दिवाणखान्यात चहा-कॉफी घेत बोलणी करतात, दहा मुलांवर डाव लावतात. त्यातली सहा-सात मुलं मामुली निघतात. त्यांचीही शिष्यवृत्ती, अभ्यासाचा शिक्षक, फिजिओ, प्रवास हा खर्च कॉलेजच करतं. एखाददुसरा क्लेटन निघतो आणि तो तयार झाला की जातो. २०२५ च्या विजेत्या फ्लोरिडाची बॅककोर्टची (गार्ड खेळाडूंची) पहिली फळी बघा: क्लेटन आयोनाचा, विल रिचर्ड बेलमाँटचा, अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकचा. उपांत्य फेरीत हरलेल्या ऑबर्नचा खांब जोनाय ब्रूम, तो मोरहेड स्टेटचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच.

परिणाम मैदानावर दिसायला लागलाय. २०२२ मध्ये सेंट पीटर्स आणि २०२३ मध्ये प्रिन्स्टन, दोन्ही पंधरावी मानांकनं, शेवटच्या सोळांत होती. २०२५ मध्ये शेवटच्या सोळांतले सगळेच्या सगळे संघ चार बलाढ्य कॉन्फरन्सेसचे होते, त्यांतले सात एकट्या एसईसीचे. एका वर्षावरून निष्कर्ष काढू नये हे कळतं. पण छोट्या संघातला प्रत्येक चांगला खेळाडू दर एप्रिलमध्ये वर सरकणार असेल, तर मार्चमध्ये चमत्कार करायला तिथे उरणार कोण?

आता कोचचं बघा. कोच करार मोडून मोठ्या कॉलेजात गेला तर बहुतेक करारांत भरपाईचं कलम असतं आणि नवं कॉलेज ती रक्कम जुन्या कॉलेजाला भरतं. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. अलीकडे मोठी कॉलेजं खेळाडूंशी जे पैशाचे करार करतात त्यांतही अशी कलमं येऊ लागली आहेत. म्हणजे तत्त्व मान्य झालंय. फक्त ते श्रीमंतांपुरतं मान्य झालंय, कारण पोराला द्यायला ज्यांच्याकडे पैसाच नाही, ते करार कसला करणार आणि कलम कुठे घालणार?

जगातल्या फुटबॉलनं हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. फिफाच्या नियमाप्रमाणे खेळाडू पैसे मोजून एका क्लबातून दुसऱ्यात गेला, की त्या रकमेतले ५ टक्के बाजूला काढले जातात आणि वयाच्या १२ ते २३ वर्षांपर्यंत तो ज्या ज्या क्लबांत वाढला त्यांच्यात वाटले जातात. गावातल्या क्लबाला त्यातून मैदानाला दिवे लावता येतात. त्यामुळे खेळाडूचं जाणं अडलं नाही, भावही कोसळले नाहीत.

कॉलेजात तसं हुबेहूब करता येणार नाही, कारण इथे बदलीची किंमत नसते. ती घालूही नये. घेणाऱ्या कॉलेजावर थेट बोजा टाकला तर तो शेवटी पोराच्याच पैशातून कापला जाईल. म्हणून पैसा दुसरीकडून यावा. सीबीएस आणि टर्नर यांच्याशी झालेला टीव्हीचा करार २०३२ पर्यंत आहे, आणि २०१६ मध्ये वाढवलेल्या आठ वर्षांसाठी ८८० कोटी डॉलर ठरलेत, म्हणजे वर्षाला ११० कोटी. त्यातून एनसीएए 'युनिट' वाटते. कॉन्फरन्सचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत जितके सामने खेळेल तितकी युनिट, २०२५ मध्ये अंतिम सामना सोडून. एका युनिटचे सहा वर्षांत मिळून साधारण २० लाख डॉलर होतात. फ्लोरिडानं एसईसीला पाच युनिट मिळवून दिली, म्हणजे जवळपास १ कोटी डॉलर. फिफाचाच ५ टक्क्यांचा दर धरला आणि ती रक्कम वाटपाच्या आधीच बाजूला काढली, तर क्लेटनच्या नावानं आयोनाकडे ५ लाख डॉलर आले असते. एसईसीला ते जाणवलंही नसतं. आयोनाला मात्र त्यात कितीतरी पोरांची पूर्ण शिष्यवृत्ती भागवता आली असती. अट एकच असावी, की हा पैसा कोचच्या पगारात न जाता शिष्यवृत्ती, वैद्यकीय सोय आणि अभ्यासाच्या मदतीवर खर्च व्हावा.

या सूत्रात एक उणीव आहे ती मान्य करतो. वॉशिंग्टनसारखा खेळाडू ज्या संघात गेला तो राष्ट्रीय स्पर्धेत पोचला नाही, तर जुन्या कॉलेजाला काही मिळणार नाही. तरी शून्यापेक्षा हे बरं, आणि हिशेब सोपा राहतो.

माझा एक मित्र यावर म्हणाला, की छोटी कॉलेजंही त्यांच्याहून छोट्यांचे खेळाडू घेतातच की. अगदी खरं. २०२३ मध्ये फेअरली डिकिन्सननं पर्ड्यूला ६३-५८ असं हरवलं. न्यू जर्सीतलं हे विद्यापीठ आपल्याकडच्या बऱ्याच घरांत मुलांच्या मास्टर्समुळे ओळखीचं आहे. सोळाव्या मानांकनानं पहिल्याला हरवण्याची इतिहासातली ती दुसरीच वेळ. आणि त्या संघाचा कणा, पाच फूट आठ इंचांच्या डेमेट्री रॉबर्ट्ससकट, कोच टोबिन अँडरसन यांनी सेंट थॉमस अॅक्वायनस या दुसऱ्या विभागातल्या कॉलेजातून सोबत आणला होता. तर मग त्या कॉलेजालाही त्याचा वाटा जावा. मिशिगन आणि नंतर मायामी हीटकडून खेळलेला डंकन रॉबिन्सन तिसऱ्या विभागातल्या विल्यम्समधून आला, जिथे खेळासाठी शिष्यवृत्तीच देत नाहीत. विल्यम्सलाही जावा. नियम वरून खालपर्यंत एकच ठेवला की कुणाला ओरडायला जागा उरत नाही.

काहींना हे पटत नाही ते वेगळ्या कारणानं. कॉलेज शिक्षणसंस्था आहे, विद्यार्थ्याच्या नावावर तिनं पैसे घ्यावेत हे त्यांना खटकतं. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. पण विद्यार्थ्यांच्या नावावर पैसे घेणं कधीच सुरू झालंय, फक्त ते घेणारी कॉलेजं निवडक आहेत. उलट बिल मात्र सगळ्यांकडून वसूल होतंय. खेळाडूंनी एनसीएएवर लावलेल्या दाव्यात २०२५ च्या जूनमध्ये कोर्टानं मान्य केलेल्या 'हाउस' तडजोडीनुसार जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर द्यायचेत. खेळाडूंना ते मिळायलाच हवेत. पण त्यातला मोठा हिस्सा एनसीएए कॉलेजांना दरवर्षी जे वाटते त्यातून कापला जातोय, आणि त्यात मॅकसारख्या कॉन्फरन्सेसचा वाटाही येतो. त्याच तडजोडीनं मोठ्या कॉलेजांना खेळाडूंमध्ये पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट वाटायची मुभा दिली. ज्यांनी टीव्हीवरून फारसं कमावलं नाही त्यांनी दंड भरायचा, आणि ज्यांनी कमावलं त्यांनी त्याच पैशानं त्यांचे खेळाडू न्यायचे. यावर छोट्या कॉन्फरन्सेसनी तेव्हा आवाज उठवला होता, पण चाहते गप्प राहिले, कारण चाहत्यांचं सगळं लक्ष कोण पोर्टलमध्ये गेला याच्या याद्यांवर होतं.

सेंट पीटर्सच्या सामन्याला येणारे ते जुने माजी विद्यार्थी दरवर्षी कॉलेजाला देणगी देतात. आयोनाचे देतात, सिएनाचे देतात. हल्ली त्यांच्याकडे एनआयएलसाठीही मागणी येते, की अमुक खेळाडू टिकवायचा तर इतके द्या. निवृत्त शिक्षक, अग्निशमन दलातले लोक, छोटे दुकानदार असे हे देणारे. फ्लोरिडाच्या देणगीदारांशी ते कधीच पुरे पडणार नाहीत, आणि त्यांना त्या शर्यतीत उतरवणं मला क्रूरपणाचं वाटतं. त्यांनी चेकसोबत आपल्या कॉलेजाच्या अध्यक्षांना एक पत्र पाठवावं आणि विचारावं, की आमच्या कॉन्फरन्सनं खेळाडू घडवण्याचा वाटा एनसीएएकडे मागितला आहे का, आणि नसेल तर का नाही. एनसीएएच्या पहिल्या विभागात मॅक, बिग स्काय, ओहायो व्हॅली यांच्यासारख्या कॉन्फरन्सेसची संख्या जास्त आहे, बलाढ्यांची कमी. मतांचं वजन त्यांनी बलाढ्यांकडे सरकू दिलं. मार्चमधली ही स्पर्धा लोक पाहतात ती सेंट पीटर्स-केंटकी पाहायला मिळेल या आशेनं, आणि २०३२ नंतरच्या टीव्ही कराराची बोलणी सुरू होतील तेव्हा तीच आशा विकली जाणार आहे. ती ज्यांच्या जिवावर विकायची, त्यांनी सहीच्या आधी हे कलम टेबलावर ठेवलं पाहिजे.